परस्पर

एजंट म्हणाला, एक महिन्याचं भाडं माझं,
बाकी सगळं सोडा माझ्यावर, खैरनारबाई.
म्हणजे साडेनऊ हजार.
मी पस्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या,
एक इकडची तिकडे होऊ दिली नाही.
साडेनऊ हजार कुणाच्या हातावर ठेवायचे
तर तो नक्की करतो काय, ते तरी कळू दे.

मग मीच रंगवला पुठ्ठा.
वन बीएचके, दुसरा मजला, पाथर्डी फाटा,
पाणी दोन वेळा
(खरं म्हणजे दीड).
माझा एक आणि नऊ सारखेच निघतात,
पहिले चार दिवस फोन जात राहिले
सिन्नरच्या कुणा दूधवाल्याला.

करार अकराच महिन्यांचा का, ते आता पाठ आहे.
मशीनवर अंगठा ठेवला तर चार वेळा नापास,
रेषा गेल्या कागदात, पोरगा म्हणाला, काकू, क्रीम लावा.
पोलीस चौकीचा फॉर्म, मीटरचा आकडा,
पाण्याच्या टाकीचा कॉक कुठल्या दिशेला फिरतो,
सगळं एका वहीत.

शुक्रवारी एक जण आला.
तडवी. यावलकडचे. अंबडला प्लेटिंगमध्ये.
बायको दारातच, कडेवर मूल,
मूल बटण दाबून ट्यूब लावतंय, विझवतंय.
बाकीचे विचारत पार्किंगचं, कपाटांचं.
हा सरळ मोरीत गेला, नळाला कान लावला.
वॉशर गेलंय, म्हणाला, दहा रुपयांचं.
रुमाल गुंडाळून आवळला. थेंब थांबला.
तात्पुरतं आहे हं हे, म्हणाला.

सेक्रेटरी चांदवडकर जिन्यात चपला शोधत होते.
चपला पायातच होत्या.

मी म्हटलं, एक पार्टी कालच बघून गेली,
टोकन देते म्हणालीय.
माझ्या पाठीमागे गॅलरीत
पुठ्ठा वाऱ्यानं ग्रिलवर आपटत होता.
त्यानं तिकडे पाहिलं.
मग हात पुसले. बरं, काही झालं तर कळवा.
जाता जाता मुलानं बटण दाबलं,
ट्यूब लागलेलीच राहिली.

साडेनऊ हजार कशाचे, ते मला तेव्हा कळलं.
करार कुणीही करतं, किल्ली कुणीही देतं.
"मालकांचं अजून ठरत नाही हो,"
हे एक वाक्य एजंट विकतो.
परस्पर. फोनवर. दुपारी
मालकीण जेवून पडलेली असताना.
मी पैसे वाचवले,
मग वाक्य माझ्याच जिभेला म्हणावं लागलं,
समोरच्याच्या ओल्या हातांकडे बघत.

पुढे अहिरराव आले. चांगली माणसं.
भाडं पाच तारखेला, कधी बाराला.
भिंतीला अकरा खिळे ठोकले, न विचारता.
रात्री साडेदहाला फोन, काकू, गिझर.
मी गाडीच्या डिकीत पक्कड, टेस्टर, जुना स्वेटर टाकून निघते.
थंडीत फाट्यावर वारा कसा लागतो
ते एजंटला विचारा, त्यालाही माहीत नसेल.

परवा म्हणाले, मोरीचा नळ गळतोय.
हार्डवेअरवाल्यानं विचारलं, अर्धा इंची की पाऊण?
मला सांगता येईना.
फोनमध्ये नाव अजून आहे: तडवी, घर.
गाडीला टेकून बघत राहिले त्या नावाकडे.
काय विचारणार? नळ कितीचा होता?
आणि तुम्हाला जागा मिळाली का, हे
कुठल्या तोंडानं?

दोन्ही घेऊन जा बाई, दुकानदार म्हणाला,
एक तरी बसेल.

पाऊण मोठं झालं. अर्धा बसलं.
वहीत लिहिलं: मोरी, वॉशर, वीस रुपये.
एक शिल्लक.